मोटार नाही, विहीर आटते : बुडालेल्या लेकराला नुसती छाती दाबून भागत नाही

उन्हाळी सुट्टी लागली की आणि नंतर पावसाळ्यात तळी भरली की, तालुक्या-तालुक्यातून त्याच त्या बातम्या यायला लागतात. शेततळ्यात पोहायला गेलेले दोघे भाऊ, आईच्या मागं धुण्यावर गेलेली चिमुरडी, जनावरं पाण्यावर नेलेला सातवीतला मुलगा. बातमीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : ग्रामीण रुग्णालयात नेले असता डॉक्टरांनी मृत घोषित केले. त्या वाक्याच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटं मात्र कुठल्याच बातमीत येत नाहीत. पाण्यातून काढल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत त्या लेकरासोबत काय केलं गेलं, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळेल. पोट दाबलं, पाय धरून उलटं केलं आणि मोटारसायकलवर दोघांच्या मधे घालून पळवलं.

आता सीपीआरचं नाव गावोगावी पोचलंय, ही चांगलीच गोष्ट आहे. ६ डिसेंबर २०२३ ला देशभर एकाच दिवशी सीपीआरचं शिक्षण देण्याचा कार्यक्रम झाला. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य खात्यानं १३ ते १७ तारखेपर्यंत सीपीआर जागृती सप्ताह घेतला. जिममध्ये पडलेला तरुण, लग्नात नाचताना कोसळलेला नवरदेवाचा मामा, असे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि लोक छाती दाबायला शिकतात. पण या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. ती लहान मुलांची आहे, आणि खेड्यात तीच जास्त लागते.

व्हिडिओत दिसतो तो मोठा माणूस. हृदयविकाराचा झटका आलेला. त्याला तोंडानं श्वास नाही दिला, नुसती छाती दाबली तरी चालतं, असं सांगतात आणि ते खरंही आहे. भारतात भूलतज्ज्ञांच्या पुढाकारानं सामान्य माणसांना शिकवायला जी सोपी पद्धत तयार झाली, तिचं नावच 'कॉम्प्रेशन ओन्ली लाइफ सपोर्ट', म्हणजे फक्त छाती दाबणे. ती मोठ्यांसाठी आहे. अडचण अशी की शिबिरात पाहिलेला माणूस तेच डोक्यात ठेवून घरी येतो, आणि शेततळ्यावर चार वर्षांचं लेकरू समोर आलं की तेच करतो. किंवा काहीच करत नाही, कारण बाहुली मोठ्या माणसाची होती.

फरक कुठं आहे?

शेतकऱ्याला हा फरक डॉक्टरपेक्षा लवकर कळेल. मोठ्या माणसाला झटका येतो तेव्हा मोटार जळते, पण विहिरीत पाणी असतं. क्षणापूर्वीपर्यंत तो नीट श्वास घेत होता, त्यामुळं रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. हातानं उपसा सुरू ठेवला, म्हणजे छाती दाबत राहिली, की काही मिनिटं तेच रक्त मेंदूला पुरतं.

लेकराचं उलटं. त्याचं हृदय ठणठणीत असतं. आधी श्वास बंद होतो : पाण्यात बुडून, घशात शेंगदाणा किंवा चिक्कूची बी अडकून, मण्यार चावून, निमोनियात दम लागून. श्वास बंद झाल्यावर रक्तातला प्राणवायू संपत जातो, हृदयाचे ठोके मंद होत जातात आणि शेवटी हृदय थांबतं. म्हणजे विहीर आधी आटली, म्हणून मोटार बंद पडली. अशा वेळी नुसती छाती दाबायची म्हणजे कोरड्या विहिरीवर मोटार चालवायची. रक्त फिरेल, पण त्यात काहीच नाही.

यावर जपानमध्ये मोठा अभ्यास झालेला आहे. २००५ ते २००७ या तीन वर्षांत दवाखान्याबाहेर हृदय थांबलेल्या ५,१७० मुलांची नोंद त्यात घेतली आणि तो २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एक ते सतरा वर्षांच्या ज्या मुलांचं हृदय बुडणं, गुदमरणं अशा हृदयाबाहेरच्या कारणानं थांबलं होतं, त्यांचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. आजूबाजूच्यांनी छाती दाबून श्वासही दिला, त्यात शंभरातली सात मुलं मेंदू शाबूत ठेवून वाचली (७.२ टक्के). फक्त छाती दाबली, त्यात १.६ टक्के. आणि काहीच केलं नाही, त्यात १.५ टक्के. म्हणजे या मुलांपुरतं बोलायचं तर नुसती छाती दाबणं आणि नुसतं बघत उभं राहणं यात जवळजवळ फरक नव्हता. ज्यांचं हृदय हृदयाच्याच आजारानं थांबलं होतं त्यांच्यात मात्र दोन्ही पद्धतींचा निकाल सारखाच आला. एक वर्षाच्या आतल्या बाळांत निकाल सगळीकडंच वाईट होता, तेही सांगितलं पाहिजे.

शंभरात सात म्हणजे काय मोठं, असं कुणी म्हणेल. दीडाचे सात होणं ही लहान गोष्ट नाही. शिवाय हे आकडे हृदय पूर्ण थांबलेल्या मुलांचे आहेत. पाण्यातून लवकर काढलेल्या कितीतरी लेकरांचा श्वास थांबलेला असतो, पण हृदय अजून मंद चाललेलं असतं. बाहेरून बघणाऱ्याला ते गेल्यासारखंच वाटतं. त्या वेळेला मिळालेले दोन-चार श्वास लेकराला परत आणू शकतात. ते वाचलेलं लेकरू या आकड्यांत कुठंच मोजलं जात नाही, कारण त्याचं हृदय थांबलंच नाही.

दवाखान्यात आणि शेतात

मोठ्या दवाखान्यात काय होतं, हेही बघू. अमेरिकेतल्या १० रुग्णालयांच्या १८ बाल अतिदक्षता विभागांत एक चाचणी झाली, निकाल २०२२ मध्ये आला. प्रश्न असा होता की तिथल्या नर्स-डॉक्टरांना खाटेजवळ वरचेवर सीपीआरचा सराव दिला आणि प्रत्येक घटनेनंतर बसून चर्चा केली, तर मुलं जास्त वाचतात का? सराव दिलेल्या काळात चांगल्या अवस्थेत घरी गेलेली मुलं ५३.८ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ५२.४ टक्के. म्हणजे फरक नाहीच.

यातून सराव वाया गेला असा अर्थ काढायचं कारण नाही. खरी गोष्ट दुसरी आहे. तिथं छाती दाबायची वेळ आलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं धड घरी जातात, कारण खाटेशी माणूस उभा असतो आणि पहिल्याच मिनिटात काम सुरू होतं. तिथं सुधारायला फारसं उरलेलं नाही. दवाखान्याबाहेर, तेही जपानसारख्या देशात, आकडा शंभरात सातवर येतो. सुधारणा करायची जागा कुठं आहे, हे यावरून दिसतं. ती अतिदक्षता विभागात नाही, बांधावर आहे. मशीनं, इंजेक्शनं, शरीर थंड ठेवायचे उपचार यावर जगात भरपूर खर्च झाला. पण पहिली पाच मिनिटं गेली असतील तर पुढचं कुठलंच यंत्र ती परत आणत नाही. श्वासाविना चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते.

आपल्याकडं १०८ ची सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा राज्यभरासाठी ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ मोठ्या यंत्रसामग्रीच्या, ७०४ साध्या. त्या सेवेनं किती बाळंतिणी आणि अपघातातले लोक वाचवले, हे गावकऱ्यांना सांगायची गरज नाही. पण वाडीवस्तीवरच्या शेततळ्यापर्यंत चार मिनिटांत गाडी येईल, असं सरकारही म्हणणार नाही. पाणंद रस्त्याला पावसाळ्यात ट्रॅक्टर फसतो, तिथं गाडीकडून काय अपेक्षा करायची? त्या मिनिटांत जो माणूस तिथं हजर आहे, तोच डॉक्टर.

पळवापळवीत जातं ते लेकरू

गावात कुणी हातावर हात ठेवून बसत नाही. उलट फार धावपळ होते, आणि नुकसान तिथंच होतं. मोटारसायकलवर मधे बसवून नेताना मान पुढं कलंडते, श्वासनलिका दुमडते आणि आत थोडी हवा जात असली तरी तीही बंद होते. पंधरा मिनिटं गाडी जोरात चालवली, पण ती पंधरा मिनिटं लेकरू श्वासाविना होतं. आधी श्वास, मग गाडी, हा क्रम एवढ्या सगळ्या गोंधळात कुणाच्या तरी डोक्यात पक्का असायला हवा. नेणं भागच असेल तर पिकअप किंवा जीपच्या मागच्या सपाट जागेत आडवं ठेवून, एकानं श्वास आणि एकानं छाती सुरू ठेवत न्यावं. चालत्या गाडीत ते नीट होत नाही, पण काहीच न होण्यापेक्षा बरं.

पोट दाबून पाणी काढायची पद्धत तर सोडूनच द्यायला हवी. बुडालेल्याच्या फुप्फुसात फार पाणी नसतं. जे भसाभसा बाहेर येतं ते पोटातलं असतं. पोट दाबलं की त्याबरोबर अन्नही वर येतं आणि ते श्वासनलिकेत शिरतं. पाय धरून गरगर फिरवणं, मडक्यावर पालथं घालणं, हेही तसंच. यातलं प्रत्येक काम मिनिट-दोन मिनिटं खातं.

यात भर म्हणून व्हॉट्सअॅपवर मिठाचा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय : बुडालेला माणूस मिठात पुरला की जिवंत होतो. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यात २०२३ च्या डिसेंबरात दोन बुडालेल्या मुलांना घरच्यांनी असंच तासन्‌तास मिठात ठेवलं होतं. दोन्ही मुलं गेलेलीच होती. आईबापाला दोष देण्यात अर्थ नाही, त्या घडीला माणूस काहीही करून बघतो. पण असा मेसेज पुढं पाठवणाऱ्यानं आपण काय पाठवतोय ते बघितलं पाहिजे.

नेमकं करायचं काय?

पाण्यात आंधळी उडी मारू नये. एकामागून एक तिघं बुडाल्याच्या बातम्या काही कमी नाहीत. दोर, बांबू, साडी, रिकामा कॅन, जे असेल ते टाकावं. लेकरू बाहेर आलं की कडक जमिनीवर उताणं ठेवावं, हाक मारावी, तळपायाला टिचकी मारावी, आणि छाती वर-खाली होते का ते दहा सेकंदांच्या आत बघावं. मधेच एखादा अचका दिला म्हणजे श्वास चालू आहे असं समजू नये. तो श्वास नव्हे. ओरडून माणसं बोलवावीत, दुसऱ्यानं १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवावा. एकटंच कुणी असेल आणि फोन हाताशी नसेल, तर आधी दोन मिनिटं काम करावं, मग फोनकडं धावावं.

आता श्वास. कपाळावर हात ठेवून हनुवटी हलकेच वर उचलायची, तोंडात चिखल-शेवाळ दिसत असेल तर काढायचं. नाक चिमटीत धरायचं, तोंडावर तोंड ठेवून छाती उचललेली दिसेल एवढीच फुंकर घालायची, अंदाजे एक सेकंद. फुगा फुगवल्यासारखी सगळी ताकद लावायची नाही, हवा पोटात जाते. युरोपातले डॉक्टर सुरुवातीला पाच श्वास द्या म्हणतात, अमेरिकेतले दोन. त्या वादात पडायचं कारण नाही, बुडालेल्याला सुरुवात श्वासानं करायची यावर दोघांचंही एकमत आहे.

तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवून दाबायचं. छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, म्हणजे सेकंदाला जवळपास दोनदा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० वेळा दाबलं की २ श्वास. दोघं जाणकार असतील तर १५ ला २. लेकरू स्वतः श्वास घेईपर्यंत किंवा गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. हात दमतात, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा.

वर्षाच्या आतल्या बाळाला तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडाखाली घेऊन फुंकर घालायची. मान मागं ताणायची नाही, सरळ ठेवायची. इथं एक नवी गोष्ट आहे. पूर्वी बाळाची छाती दोन बोटांनी दाबायला शिकवायचे. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२५ च्या ऑक्टोबरातल्या नव्या सूचनांत ती पद्धत काढून टाकली, कारण दोन बोटांनी पुरेसं खोल दाबलं जात नाही. आता बाळाची छाती दोन्ही हातांच्या वेढ्यात धरून दोन अंगठ्यांनी दाबायची, नाहीतर एका तळहाताच्या टाचेनं. ज्यांचं प्रशिक्षण आधी झालंय त्या आशाताई, अंगणवाडीताईंनी एवढा बदल लक्षात घ्यावा. घशात काही अडकलं असेल तर त्याच सूचनांप्रमाणं आधी पाठीवर खांद्यांच्या मधे ५ थापा. मग मोठ्या मुलाला पोटावर ५ धक्के, आणि बाळाला पोटावर नाही, तर छातीवर ५. वस्तू निघेपर्यंत आळीपाळीनं.

लेकरू शुद्धीवर आलं, रडलं, पाणी मागितलं, तरी दवाखान्यात न्यायचंच. पुढच्या काही तासांत दम वाढू शकतो.

लोक मागं का सरतात, त्याचीही कारणं आहेत. दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडाला तोंड कसं लावायचं हा संकोच असतो. आपल्या हातून बरगडी मोडली, लेकरू गेलं, तर पोलीस आपल्याला धरतील ही भीतीही असते. लहान मुलांची हाडं लवचीक असतात, सहसा मोडत नाहीत. आणि संमती विचारायची परिस्थिती नसताना चांगल्या हेतूनं, त्या माणसाच्या भल्यासाठी केलेल्या कामाला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चं संरक्षण आहे.

मण्यार, विंचू आणि करंट

बुडण्याशिवाय आणखी दोन-तीन प्रसंग खेड्यातलेच आहेत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, बऱ्याचदा दात उमटलेले दिसतही नाहीत. पहाटे लेकरू पोट दुखतं म्हणतं, पापण्या जड होतात, मग श्वास मंदावतो. हृदय शेवटपर्यंत चांगलं असतं. इथंही वाटेत श्वास देत राहणं आणि दवाखान्यात सर्पविषावरची लस, या दोन्हीवर लेकरू वाचतं. करंट लागला असेल तर मात्र आधी मेन स्विच, मग हात लावायचा, आणि तिथं छाती दाबणं तितकंच महत्त्वाचं, कारण विजेच्या धक्क्यानं हृदयच थेट बिघडू शकतं.

विंचवाची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या राज्यातलीच आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं मुलं फुप्फुसात पाणी होऊन मरायची, गंभीर रुग्णांत शंभरात तीसच्या आसपास. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण भागात राहून त्यावर काम केलं, प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वेळेवर दिली तर मुलं वाचतात हे दाखवलं, आणि मृत्यू एक-दोन टक्क्यांवर आले. त्या मुलांना छाती दाबायची वेळच आली नाही. हृदय थांबल्यावर धावण्यापेक्षा ते थांबू न देणं केव्हाही सोपं. हीच गोष्ट शेततळ्यालाही लागू आहे.

शेततळ्याचं काय?

'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली. कोरडवाहू भागात तिनं फळबागा जगवल्या, यात वाद नाही. पण तीस बाय तीस मीटरचं आणि तीन मीटर खोल तळं, त्याला कागद अंथरलेला, म्हणजे उतारावर शेवाळ धरलं की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. विहिरीला पायऱ्या तरी असतात. देशात दरवर्षी बुडून ३५ हजारांहून जास्त माणसं जातात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात. जगाचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०२१ मध्ये सुमारे तीन लाख होता, आणि त्यातली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची लेकरं. हीच संघटना पाण्याभोवती आडोसा करा, लहान मुलांना दिवसभर सांभाळायची जागा करा, पोहायला शिकवा, आणि गावातल्या माणसांना बाहेर काढण्याचं व श्वास देण्याचं शिक्षण द्या, असं सांगते. यातलं एकही काम परदेशी तंत्रज्ञानाचं नाही. तळ्याच्या चारही कडांना गाठी मारलेला दोर सोडून ठेवायला अन् टायरची ट्यूब बांधून ठेवायला शंभर-दोनशे रुपयांवर खर्च नाही.

सरकारचा पैसा मात्र नंतर येतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत बुडून मृत्यू झाला तर दोन लाख रुपये मिळतात, आणि तिथंही वयाची अट १० ते ७५ वर्षं आहे. पाच वर्षांचं लेकरू त्यात बसत नाही. मदत मिळायलाच हवी. पण मृत्यूनंतरच्या दोन लाखांची तरतूद होते आणि मृत्यूआधीच्या पाच मिनिटांसाठी काहीच होत नाही, हा हिशोब कुठल्याही शेतकऱ्याला पटणारा नाही.

त्या पाच मिनिटांसाठी लागतं फार थोडं. हातानं दाबून श्वास देण्याची रबरी पिशवी आणि तिचा मास्क काही हजारांच्या आत येतो. नवजात बाळासाठीची पिशवी प्रसूती होणाऱ्या केंद्रांत असते. २००९ पासूनच्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात जन्मलेलं बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात श्वास द्यायला नर्सताईंना शिकवलेलं आहे. म्हणजे कसब गावात आहे. कमी आहे ती चार-आठ वर्षांच्या मुलाला बसेल अशा पिशवी-मास्कची, आणि ते कसब शाळेपर्यंत, पोलीस पाटलापर्यंत, तळ्याशेजारच्या वस्तीपर्यंत नेण्याची. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडं वर्षाला दहा हजारांपर्यंतचा अबंधित निधी असतो. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येतं. आपल्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लहान मुलांच्या मापाचा मास्क आहे का, हेही तिथंच विचारता येतं. आणि पुढचं सीपीआर शिबिर गावात आलं की शिकवणाऱ्याला सांगावं, मोठ्याच्या बाहुलीबरोबर लेकराची बाहुलीही आणा, अन् श्वास कसा द्यायचा तेही दाखवा.